नानांच्या ताटातला घास

"सांग," नाना म्हणाले.

मी तोंडातला घास सावकाश गिळला. "गोड आहे."

"गोड तर साखर बी असती. नीट सांग."

"मऊ आहे. कडेनं मऊ आणि मधोमध जरा घट्ट. आणि सगळ्यात शेवटी किंचित आंबट लागतं."

नानांनी डोळे मिटून मान हलवली. "मंग ते वरल्या फणीतलं हाये. वरल्या फणीले शेवटी आंबटपना राहतोच. घे, अजून एक घास घे. घाई करू नको."

वैशाखातली दुपार होती. रावेर तालुक्यातलं आमचं गाव अशा वेळी उन्हात चिडीचूप पडलेलं असायचं. पण नानांच्या खोलीची मागची खिडकी थेट केळीच्या बागेत उघडायची आणि तिथून आत येणारा उजेड हिरवा असायचा. बागेला पाणी सोडलेलं असलं की त्याची झुळझुळ पलंगापर्यंत ऐकू यायची. मी त्या दिवसांत निम्मी जागी आणि निम्मी झोपेत वावरायचे. पोटातलं बाळ वळलं की जाग यायची, ते निजलं की मीही पेंगायला लागायचे. इतक्या वर्षांनी त्या उन्हाळ्याची आठवण काढली, की आधी तो हिरवा उजेड येतो. मग त्यात बसलेले नाना दिसतात, सोललेलं केळं स्वतःपासून हातभर लांब धरलेले.

नाना म्हणजे माझे सासरे. सगळा जन्म केळीच्या बागेत काढलेला माणूस. बाजारात जातं ते केळं कच्चं असतं. झाडावर पिवळं झालेलं केळं फक्त मालकाच्या वाट्याला येतं, आणि नानांनी ते पन्नास वर्षं रोज सकाळी खाल्लं होतं. मग त्यांच्या किडन्या थकल्या. डॉक्टरांनी पहिलं काय बंद केलं असेल, तर केळं.

आणि मला काय खायला सांगितलं होतं? केळं. रक्त कमी, अंगात ताकद नाही, रोज दोन तरी खा म्हणाल्या डॉक्टरीणबाई. आता गंमत अशी, की मला केळं आवडत नाही. मी नाशिकची. केळीवर जगणाऱ्या घरात लग्न होऊन आले आणि हे सत्य मी नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. दिवस गेल्यावर तर त्याच्या वासानंही पोटात ढवळायचं. एकदा मी केळं पदराआड लपवून न्हाणीकडे टाकायला निघाले, तेव्हा नानांनी मला खिडकीतून पकडलं.

"टाकती?" ते म्हणाले. रागावले नाहीत. नुसतं बघत राहिले, आणि त्या बघण्यानं मलाच कसंतरी झालं.

"नाना, मला खरंच जात नाही हो."

"मले जातं, पन मले चालत नाई. तुले चालतं, पन जात नाई." ते हसले. "असं कर. इकडं येऊन बस. तू खाय आन् मले सांग. माझी जीभ तशी बी पत्र्यासारखी झाली हाये, काही कळत नाई तिले. तुझ्या जिभेनं खातो."

तेव्हापासून हा आमचा दुपारचा उद्योग सुरू झाला. नाना केळं निवडायचे, सोलायचे आणि मला द्यायचे. मी खायचे आणि सांगायचे. सुरुवातीला नाक दाबून खाल्लं. मग सांगायचं म्हणून नीट चाखायला लागले, आणि चाखता चाखता ते जायला लागलं. साल नाना खिडकीतून बागेत टाकायचे. त्यांनी स्वतः कधी बोटसुद्धा चाटलं नाही. मी शपथेवर सांगते.

आमच्या घरात त्या वर्षी स्वयंपाक म्हणजे तारेवरची कसरत होती. सासूबाईंना सगळं घर माय म्हणायचं, म्हणून मीही माय म्हणायचे. मायला साखरेचा आजार. तिला भात नको, गूळ नको, ज्वारीची भाकरी हवी. नानांना मीठ नको, टोमॅटो नको, नारळपाणी नको, डाळ बेतानं, आणि दिवसाचं पाणी एका तांब्यात भरून ठेवलेलं, तेवढंच. मला मात्र गूळ हवा, नारळपाणी हवं, डाळी हव्यात, पाणी भरपूर हवं. जे माझं औषध ते नानांना विष, आणि जो लाडू मी खायचा तो मायच्या नजरेस पडू द्यायचा नाही, कारण मायला गोडाचा मोह आवरायचा नाही. योगराज, माझा नवरा, म्हणायचा, "या घरात मला एकट्याला सगळं चालतं, पण माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही." तो बागेतून यायचा आणि तीन पातेल्यांतलं उरलंसुरलं जेवून जायचा.

सगळ्यात मोठं काम नानांच्या भाजीचं. भाजी चिरायची, गरम पाण्यात भिजत ठेवायची, ते पाणी फेकायचं, मग परत उकळायची आणि तेही पाणी फेकायचं. माय हे काम कुणाला करू द्यायची नाही. पाणी फेकताना दर वेळी तिचा जीव तुटायचा. "सगळं सत्त्व तर मोरीत गेलं," ती म्हणायची. "आता उरला तो चोथा. हा खाऊन मानूस जगंल कसा?"

आणि नाना तो चोथा खायचे नाहीत. दोन घास चिवडायचे आणि ताट सरकवायचे. माय दारात उभी राहून बघायची. ती रडकी बाई नव्हती, पण सरकवलेलं ताट उचलताना तिचे डोळे भरायचे.

पापडांचे दिवस आले, तेव्हा मला सहावा सरत होता. मायचे उडदाचे पापड गावात नावाजलेले, आणि त्याचं कारण तिचा खार. दुकानातला पापडखार ती घरात येऊ द्यायची नाही. केळीची वाळलेली खोडं अंगणात जाळायची, राख फडक्यात बांधून टांगायची, वरून पाणी ओतायची आणि खाली थेंब थेंब गळणारं लालसर पाणी आटवायची. शेवटी कढईच्या तळाशी पांढुरकी खडी उरायची. तो खार. चिनीमातीच्या बरणीत भरला, की वर्षभर पुरायचा.

"सगळी राख घेऊ नको वं," नाना खिडकीतून ओरडले. "पिलांले ठेव. पोटॅशचं अर्धं पोतं वाचतं."

पील म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारं तिचं पोर. मोठ्या झाडाचा घड उतरला की ते झाड तोडतात, आणि मग पिलाची बाग होते. नानांना माणसांपेक्षा पिलांची काळजी जास्त.

"ठेवते," माय म्हणाली. "तुमच्या पिलांले बी ठेवते आन् माझ्या सुनेले बी."

मला लाटीचे डोहाळे लागले होते. पापडाच्या पिठाचा तो काळपट गोळा कच्च्या तेलात बुडवून तोंडात टाकायचा, मिरी झोंबते, आणि तिच्यामागून खार जिभेवर चरचरतो. मिठासारखा, पण मीठ नव्हे. जरासा साबणासारखा म्हटलं तरी चालेल. मला त्या वेळी जगात दुसरं काही नको होतं. माय एक लाटी द्यायची आणि दुसरी मागितली की हात मागे घ्यायची. "बास. छातीत जळजळ होईल. ही चव सारी खाराची हाये. मीठ कमी पडलं तरी चालतं, खार पाहिजे." असं म्हणत ती क्षणभर थांबली आणि बरणीकडे बघत राहिली. मला वाटलं, उरलेल्या पिठाचा हिशेब करते आहे.

त्यानंतर चार-आठ दिवसांतच नाना जेवायला लागले. एकदम नाही, पण ताट निम्मं संपायला लागलं आणि मग सगळं. माय रिकामं ताट मला आणून दाखवायची, लहान मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसं. आम्ही दोघी खूश होतो.

जळगावला आम्ही एका फेरीत दोन डॉक्टर करायचो, आधी माझ्या डॉक्टरीणबाई आणि मग नानांचे किडनीचे डॉक्टर. माझं ठीक निघालं. रक्त वाढलं होतं. त्या आनंदात आम्ही नानांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढून ठेवला.

"केळी खाल्लीत?"

"नाई," नाना म्हणाले.

"मग हे पोटॅशियम कशानं वाढलं? तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगतो. बागेला पोटॅश देता ना? तेच हे. झाड ते जमिनीतून घेतं आणि त्याच्या अंगात साठवतं. चांगली किडनी ते बाहेर टाकते, तुमची टाकत नाही. ते रक्तात साठलं की माणूस चालता-बोलता जातो. हृदय थांबतं. हा आकडा आणखी थोडा वर गेला असता, तर तुम्ही आज इथे आला नसतात."

मग माय माझ्याकडे वळली. ती हळू बोलत होती, पण एकेक शब्द ऐकू येत होता. "दुपारी ही त्यांच्या खोलीत केळी खाती. खिडकीखाली सालं पाह्यली मी. मले वाटलं, खाऊ दे, पोटुशी बाई. चारू, तू त्यांले देत होती का गं?"

योगराजही माझ्याकडे बघायला लागला. पोटात बाळ जोरात वळलं.

"मी खाल्ली," नाना म्हणाले. "तिचा काही दोष नाई. ती डुलकी घ्यायची आन् मी खायचो."

योगराज भर दवाखान्यात बापावर ओरडला. डॉक्टरांनी औषध बदललं, पाण्यात कालवायची पूड दिली आणि पंधरवड्यानं परत बोलावलं. "त्या वेळी उतरलेलं दिसलं नाही, तर घरी पाठवणार नाही," असं सांगितलं.

जीपमध्ये मी मागे नानांच्या शेजारी होते. माय पुढे बसली होती. ती सबंध रस्ता मागे वळली नाही.

"तुम्ही खोटं का बोललात?" मी हळूच विचारलं.

"तुझ्या माथी आलं असतं."

"पण मग वाढलं कुठून?"

नानांनी बाहेर बघितलं. तापी ओलांडत होतो. पात्रात पाणी कमी आणि वाळू जास्त. "कोन जाने," ते म्हणाले. "मले एवढं नातवंड पाहू दे. मंग डॉक्टर म्हनंल ते."

घरी आल्यावर नानांच्या खोलीत माझं जाणं बंद झालं. कुणी मनाई केली नाही, पण माय दुपारी स्वतःच तिथे दारात निवडणं घेऊन बसायला लागली. माझी केळी मी स्वयंपाकघरात एकटीच खायचे आणि कुणाला काही सांगायचं नसल्यामुळे ती पुन्हा गोड-मऊ एवढीच लागायला लागली. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. नानांनी केळी खाल्ली नव्हती, हे सगळ्या घरात दोनच माणसांना माहीत होतं, त्यांना आणि मला. म्हणजे जे काही त्यांच्या पोटात जात होतं, ते अजून जातच होतं. माय भाजीचं पाणी किती वेळा फेकते, ते मी मोजायचे. तांब्यातलं पाणी बघायचे. सगळं बरोबर होतं. आणि नाना ताट स्वच्छ करत होते.

झोपेत मला बाग दिसायची. बागेत पाणी चढत चढत खिडकीपर्यंत आलेलं, आणि नाना त्यात गळ्यापर्यंत उभे, तोंड घट्ट मिटून. मी म्हणायचे, प्या ना, तुमचंच पाणी आहे. ते मान हलवायचे. जाग आली की घसा कोरडा पडलेला असायचा.

माझं डोहाळेजेवण बागेत करायचं, हे मायनं आधीच ठरवलं होतं. दवाखान्याच्या प्रकारानंतर मला वाटलं, ती आता रद्द करेल. पण तिनं काही कमी केलं नाही. उलट सकाळी स्वतः मोगरा आणून माझे फुलांचे दागिने ओवले. वेणी घालताना तिचे हात नेहमीपेक्षा हळू चालत होते. "तुझ्यावर संशय घेतला मी," ती मागून म्हणाली. "मनात ठेवू नको." मी गजरा मागे तिच्या हातात दिला. तोंड उघडलं असतं, तर रडले असते.

बांधावरच्या निंबाला झोपाळा बांधला होता. समोर केळीच्या रांगा, वर पानांचं छत. हिरवी साडी नेसून मी त्या हिरव्या उजेडात बसले, आणि बायकांची गाणी लांबून कुठून तरी येत असल्यासारखी वाटायला लागली. कुणीतरी वाट्या झाकून पुढे केल्या. मी उचलली, तर बर्फी निघाली. बायका "मुलगी, मुलगी" म्हणून ओरडल्या. मला सारखी झोप येत होती. इतकं सुखाचं झोपाळूपण मला पुन्हा कधी मिळालं नाही.

नाना जरा लांब, दुसऱ्या झाडाच्या सावलीत बाजेवर बसले होते. बायकांच्या कार्यक्रमात पुरुषाचं काय काम, असं कुणी म्हणालं. पण बाग त्यांची होती, त्यांना कोण उठवणार. माझ्यापुढे केळीच्या पानावर सतरा प्रकार मांडले. पुरणपोळी, खीर, भजी, वड्या. मग माय नानांचं ताट घेऊन गेली. त्यात भाकरी होती आणि दोडक्याची भाजी, रंग गेलेली, पांढरट.

या माणसानं सगळा उन्हाळा माझ्या तोंडानं खाल्लं, आणि आज माझ्यापुढे एवढं आणि त्याच्यापुढे ते. मी झोपाळ्यावरून उतरले.

"कुठी निघाली?" लीलाकाकू म्हणाल्या. त्या माझ्या चुलतसासू. कार्याची सगळी सूत्रं त्यांच्या हातात.

"मला पहिला घास नानांच्या ताटातला हवा."

बायका हसल्या. "अहो, पुरनपोळी सोडून दोडका मागते ही!"

"मागू द्या. आज तिचा दिवस हाये," लीलाकाकू म्हणाल्या.

मी बाजेपाशी गेले. नानांनी ताट पुढे केलं. त्यांच्या डोळ्यांत खोडकर हसू होतं. "आज तू माझं खाय. आन् सांग."

मी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात टाकला.

दोडका दोनदा उकळलेला, त्याला चव कुठली असणार. पण घास गिळला आणि मागून जीभ चरचरली. मिठासारखं, पण मीठ नव्हे. जरासं साबणासारखं. माझे डोळे बांधून कुणी हे भरवलं असतं, तरी मी ओळखलं असतं. महिनाभर मला दुसरं काही नको होतं. ही लाटीची चव होती.

माय माझ्या शेजारी उभी होती. तिचा चेहरा इतका उजळलेला मी फार दिवसांनी बघत होते. ती माझ्या कानाशी वाकली. "लागती ना चव? म्हनून तर जेवायला लागले. मिठाचा कन नाई हं त्यात, देवाशप्पथ. आपल्याच केळीचं हाये. चिमूटभर."

मी तिच्याकडे बघत उभी राहिले. मागे बाग होती. त्या बागेच्या वाळलेल्या खोडांची राख, त्या राखेचा खार, आणि नाना खिडकीतून ओरडत होते, पोटॅशचं अर्धं पोतं वाचतं. बागेला पोटॅश देता ना, डॉक्टर म्हणाले होते. तेच हे. माझी सगळी झोप उडाली.

नानांना काहीच कळलेलं नव्हतं. त्यांच्या पत्र्याच्या जिभेला एवढंच समजत होतं, की हल्ली भाजीत काहीतरी असतं.

मला वाटलं, आत्ता, या क्षणी ओरडून सांगावं. माझ्यावरचा आळ पुसला गेला असता. नानांचं खोटंही उघडं पडलं असतं. पण मायचा तो चेहरा माझ्यासमोर होता. ही बाई कुणाला पाणी फेकू देत नव्हती, त्यांचं ताट दुसऱ्याच्या हातानं जाऊ देत नव्हती. तिला जर या सगळ्या बायकांसमोर कळलं असतं, की ती रोज चिमटीनं काय घालत होती, तर ती पुन्हा चुलीपुढे बसली असती का? मला नाही वाटत. आणि नानांना तिच्याशिवाय कुणाच्या हातचं गेलं नसतं, हेही मला माहीत होतं.

"काय गं, गप झाली?" लीलाकाकूंनी हाक मारली. "ये, बस. आन् माग आता. काय खावंसं वाटतं? आज मागशील ते द्यायचं असतं, नाई म्हनायचं नसतं."

मी झोपाळ्यावर जाऊन बसले. "मला खार हवा," मी म्हणाले.

"लाटी?"

"लाटी नाही. खार. मायच्या बरणीतला. सगळी बरणी."

असा हशा पिकला, की केळीतले पक्षी उडाले. "राख खायचे डोहाळे लागले नाशिकवालीले!" कुणी म्हणालं. माय पण हसली. "वेडी का काय? थोडा देते जिभेवर ठेवायला. बाकीचा लागतो मले."

"सगळा, माय. चिमूटभरही मागे ठेवायचा नाही. आणि नवीन करायचा नाही, बाळ मोठं होईपर्यंत."

माय हसायची थांबली. "काबरं?"

"काबरं ते मला माहीत नाही. डोहाळे आहेत."

मी हे म्हणत असताना नानांकडे बघत होते. ते आधी माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी हातातल्या घासाकडे बघितलं. पन्नास वर्षं राख पिलांच्या बुडाशी टाकणारा माणूस, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांनी घास ताटात परत ठेवला, ताट बाजेखाली सरकवलं आणि पंच्याला हात पुसले.

"दे वं तिले," ते मायला म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "डोहाळे अर्धे ठेवू नाई. सगळा दे."

मायनं त्यांच्याकडे बघितलं. मग बाजेखालच्या ताटाकडे. ती घराकडे चालू लागली. बायकांनी पुन्हा गाणं धरलं. ती परत आली तेव्हा दोन्ही हातांत बरणी होती. तिनं ती माझ्या ओटीत ठेवली. तिचे हात माझ्या हातांना लागले. ते भर उन्हाळ्यात गार पडले होते. मी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नाना बरणी घेऊन बागेत गेलो. पाणी सोडलं होतं. मी खार त्या वाहत्या पाण्यात ओतला आणि तो विरघळून पिलांकडे निघून गेला.

"तू काही बोलली नाई," नाना म्हणाले.

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

"मी जन्मभर तिच्या हातचं जेवलो, चारू." एवढंच म्हणाले आणि रिकामी बरणी त्यांनी पाण्यात विसळून घेतली.

मायनं त्या दिवसापासून नानांच्या भाजीत लिंबू पिळायला सुरुवात केली, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. नाना कुरकुर न करता जेवायचे. पंधरवडा संपला आणि रिपोर्ट आला, तेव्हा आकडा खाली उतरला होता. "केळी सोडलीत ना?" डॉक्टरांनी विचारलं. "सोडली," नाना म्हणाले. कधी खाल्लीच नव्हती त्या माणसानं.

मुलगी झाली. तिचं नाव नानांनी रेवती ठेवलं. तिच्या उष्टावणाला चांदीची वाटी आणली होती, खीर केली होती. पण नानांनी आधी झाडावर पिकलेलं केळं बोटांनी कुस्करलं आणि तिच्या ओठांना लावलं. "सांग," ते म्हणाले. तिनं तोंड वेडंवाकडं केलं, जीभ बाहेर काढली आणि मग हसली. नानांनी डोळे मिटून मान हलवली. "वरल्या फणीतलं," ते म्हणाले.

ते आणखी तीन पावसाळे जगले. रेवती त्यांच्याबरोबर बागेत फिरायला लागली होती, पिलांना हात लावून नमस्कार करायची, इतकी मोठी झाली होती.

त्या वर्षानंतर मायनं पापड केले नाहीत. मनगटं दुखतात म्हणायची. गावातल्या बायकांनी खाराची चौकशी केली, की ती हसून सांगायची, "आमच्या सुनेनं डोहाळ्यात सारा संपवला." ही गोष्ट पुढे गावात चवीनं सांगितली जाऊ लागली. मीही हसायचे. मला वाटायचं, आम्ही दोघांनी छान निभावलं, तिला काहीच कळलं नाही.

नानांच्या तेराव्याला नैवेद्याचं पान मी वाढत होते आणि माय शेजारी पाटावर बसून सांगत होती. "टोमॅटोची चटनी वाढ. मीठ वाढ, भरपूर वाढ. वरन जास्त. नारळपानी दे वाटीत. आता सगळं चालतं त्यांले." वर्षानुवर्षं ज्याला ज्याला ती नको म्हणत आली, ते सगळं तिनं एकेक करून पानावर घालायला लावलं. पाण्याचा तांब्या काठोकाठ भरायला लावला. तिचा आवाज स्थिर होता. मी रडत होते, ती नव्हती.

लीलाकाकूंनी घरून पापड आणले होते. पान भरलेलं दिसावं म्हणून मी त्यातला एक भाजून वर ठेवला.

मायनं हात पुढे केला आणि तो उचलून बाजूला ठेवला.

"हा नको," ती म्हणाली. "याच्यात खार हाये."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. फणीतलं सगळ्यात वरचं केळं तोडलं, सावकाश सोललं आणि पानावर त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलं.